वरळीचे कोळी आणि त्यांचा समुद्र

मुंबई तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी ऐकली तरी असेलच. कुणाचा चुलता तिथल्या गिरणीत होता, कुणाचा मुलगा आज तिथे नोकरीला आहे. पण गिरण्या येण्याआधी मुंबईत कोण राहत होते? कोळी राहत होते. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळाले, ती कोळ्यांची देवी.

तेव्हा मुंबई हे एक गाव नव्हते. समुद्रात सात बेटे होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. बेटांच्या मध्ये भरतीला पाणी भरे आणि ओहोटीला चिखल उघडा पडे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले. त्या लग्नात मुंबई आंदण म्हणून दिली गेली! पुढे १६६८ साली राजाने ती व्यापारी कंपनीला भाड्याने देऊन टाकली. कोळ्यांना कुणी विचारले नाही, हे सांगायला नकोच.

मग भर घालण्याचे काम सुरू झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये मोठा बांध घातला. ज्या खिंडारातून समुद्र आत शिरे ते बंद झाले. आज भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा या भागांत माणसांची दाटी आहे. तिथल्या सखल जमिनीवर पूर्वी भरतीचे पाणी पसरत असे. पुढे दर पिढीला मुंबईची जमीन थोडी वाढली. मरीन ड्राइव्हचा सुंदर रस्ता, नरीमन पॉइंटच्या उंच इमारती, हे सगळे भर घातलेल्या जागेवर उभे आहे.

शेतकऱ्याला मी हे असे समजावून सांगतो. समजा, तुमच्या गावच्या शिवारात कुणी बाहेरचा आला. तो म्हणाला, ‘येथे घर नाही, दार नाही. म्हणजे जागा रिकामी आहे. मी येथे रस्ता करतो.’ तुम्ही काय म्हणाल? ‘अरे बाबा, रिकामी कशी? ही माझी जमीन, हा बांध, तो पलीकडचा भावकीचा तुकडा.’ समुद्राचेही तसेच आहे. आपल्याला नुसते पाणी दिसते. कोळ्याला त्यात खडक दिसतात, वाटा दिसतात, माशांच्या जागा दिसतात. ज्या गावांत डोल जाळे लावतात तिथे पाण्यातला कुठला खुंट कुणाच्या घराचा, हेसुद्धा ठरलेले असते. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे जाळे. तोंड रुंद आणि शेपूट निमुळते. ते खुंटांना बांधून पाण्याच्या ओढीसमोर धरायचे. ओढीबरोबर बोंबील, कोळंबी आत येते. ओढ थांबली की जाळे वर घ्यायचे.

ही ओढ कधी असते, हे कोळी तिथीवरून सांगतात. मी पुष्कळ वर्षे वरळीच्या बाजूच्या एका शाळेत मास्तर होतो. एकदा मुलांना वरळीच्या किल्ल्यावर न्यायचे ठरले. हा किल्ला इंग्रजांनी बांधलेला. त्याच्या पायथ्याशीच कोळीवाडा आहे आणि गोल्फादेवीचे देऊळही त्याच गावात आहे. मी म्हटले, ‘तीन वाजता खडकांवर जाऊ, शंखशिंपले पाहू.’ मागच्या बाकावरचा एक कोळ्याचा मुलगा हसला. गणितात हा मुलगा कच्चा. तो म्हणाला, ‘गुरुजी, त्या दिवशी चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. तीनला पाणी पूर्ण भरणार. खडकावर जायचं तर सकाळी नऊला चला.’

हा हिशेब मला माहीत नव्हता. तुम्हीही करून पाहा. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण त्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडा फरक पडतो, पण काम भागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोराने चढते-उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात. आम्ही नऊलाच गेलो, हे वेगळे सांगत नाही. त्या दिवसापासून त्या मुलाला मी गणितात कच्चा म्हणणे सोडले.

जुनी माणसे म्हणतात, पूर्वीचे दिवस सोन्याचे होते. मला हे सगळे पटत नाही. जाळी सुताची, तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या रसात उकळावी लागत. होड्या शिडाच्या. वारा पडला की वल्ही मारून हात सोलवटून निघत. वादळाची खबर देणारे कुणी नसे. गेलेला माणूस परत येईल की नाही, हे बायका किनाऱ्यावर उभ्या राहून पाहत. स्वातंत्र्यानंतर सरकारने कर्ज आणि सवलत दिली, होड्यांना इंजिने आली. नायलॉनची जाळी आली. बर्फ आला. रेडिओवर आणि आता मोबाइलवर हवामान कळते. हे बरेच झाले.

पण एक गोष्ट खरी, की मासळी पूर्वी किनाऱ्याजवळ मिळे. आता लांब जावे लागते. त्याला कारणे पुष्कळ. शहराचे घाण पाणी खाडीत जाते. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. ती आज नदी आहे की गटार, ते जाऊन पाहावे. मोठ्या बोटी बारीक आसाची जाळी ओढून पिल्लेही उचलतात. रात्री दिव्यांचे झोत टाकून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरी चोरून चालतेच, अशी लहान कोळ्यांची तक्रार आहे.

कोळी भांडत नाहीत असे नाही. विकण्याचे काम आणि पैशांचा व्यवहार कोळिणीकडे असतो, आणि कोळीण हक्काला कधी मागे हटत नाही. लालबागची गोष्ट घ्या. १९३२ साली तिथल्या पेरू चाळीतला बाजार बंद झाला. मासळी विकणारे आणि इतर दुकानदार उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली, गणपतीला नवसही केला. जागा मिळाली. तेव्हा १९३४ साली त्यांनी गणपती बसवला आणि मूर्तीला कोळ्याचा वेष दिला. तोच आजचा लालबागचा राजा. दर्शनाच्या रांगेत रात्रभर उभे राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

आता वरळीकडे वळतो. २००९ साली वांद्रे ते वरळी समुद्रावरून पूल झाला. नंतर २०१८ साली किनारी रस्त्याचे काम निघाले. मरीन ड्राइव्हकडून निघून मलबार हिलच्या पोटातल्या बोगद्यातून जाणारा आणि वरळीला त्या पुलाला भिडणारा हा रस्ता. लांबी सुमारे साडेदहा किलोमीटर. त्यासाठी पुन्हा समुद्रात भर पडली. २०१९ साली हायकोर्टाने काम थांबवले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुप्रीम कोर्टाने ते पुढे चालू दिले.

वरळीच्या कोळ्यांचे भांडण एका मापावरून होते. त्यांच्या बंदराला क्लीव्हलँड बंदर म्हणतात. तिथून होड्या समुद्रात जातात. आजूबाजूला खडक, म्हणून वाट ठरलेली. त्याच वाटेवर नव्या पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर, म्हणजे सुमारे दोनशे फूट. कागदावर पाहिले तर दोनशे फूट पुष्कळ वाटतात. होडीची रुंदी ती किती? आपली बैलगाडी दहा फुटांतून जाते. पण समुद्राची वाट गाडीवाटेसारखी स्थिर नसते. लाट खांबावर आपटून उलटी फिरते. वारा होडीला आडवी ढकलतो. समोरून दुसरी होडी येत असते. त्यातच इंजिन बंद पडले, तर होडी थेट खांबावर. वरळीच्या बहुतेक होड्या लहान. अशा वेळी माणूस वाचणे कठीण.

कोळ्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. अखेर होड्या नेऊन समुद्रातले काम अडवले. इंजिनिअर म्हणत, ६० मीटर पुरे. कोळी म्हणत, तुम्ही पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याबरोबर होडीत बसा आणि मग सांगा. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात सरकारने मान्य केले. मधला एक खांब गाळायचा आणि अंतर १२० मीटर ठेवायचे. कोळ्यांनी मागितले होते याहून जास्त. पण दुप्पट मिळाले, हेही थोडे नाही. रस्त्याचा पहिला भाग २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला. मी त्यावरून गेलो आहे. पाऊण तासाची वाट दहा-बारा मिनिटांत सरते. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले.

होडीवाल्यांचे असे झाले. पण ज्यांच्याकडे होडी नाही त्यांचे काय? ओहोटीला खडकांवर पायी जाऊन कालवे फोडणाऱ्या, खुबे वेचणाऱ्या बाया असतात. हातात कोयता आणि एक टोपली, एवढेच त्यांचे भांडवल. होडीला नंबर असतो, परवाना असतो, म्हणून होडीवाल्याला आपले नुकसान दाखवता येते. टोपलीला नंबर नसतो. खडक भरावाखाली गेला, तर तिने कुठला कागद दाखवायचा?

माझा तो विद्यार्थी आज स्वतःच्या होडीचा नाखवा आहे. मागच्या नारळी पौर्णिमेला मी कोळीवाड्यात गेलो होतो. समुद्राला नारळ वाहून झाला, तेव्हा मी हीच गोष्ट त्याच्याकडे काढली. तो म्हणाला, ‘गुरुजी, माझी आजी ज्या खडकावर कालवं काढायची, त्याच्यावरून आता मोटारी जातात. तिच्या हातचा कोयता घरात आहे. चला, दाखवतो.’