एका लांडग्यामागे पाच हजार कुत्री

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली भटकी कुत्री मोजली गेली. आकडा आला सुमारे १ कोटी ५३ लाख. याच देशात भारतीय लांडगे किती उरलेत? अभ्यासकांचा अंदाज ३,००० च्या आसपासचा आहे. भागाकार केला तर एका लांडग्यामागे पाच हजार कुत्री येतात. २०२२ च्या व्याघ्रगणनेत वाघांची सरासरी संख्या ३,६८२ निघाली होती. म्हणजे ज्या वाघाच्या आकड्याकडे सगळा देश डोळे लावून बसतो, त्याच्याहूनही लांडगा आज कमी आहे. वाघासाठी पन्नासहून अधिक व्याघ्र प्रकल्प आहेत. लांडगा मात्र राहतो पुण्याजवळच्या यवतच्या आसपास आहेत तशा उघड्याबोडक्या माळांवर, आणि असे कितीतरी माळ सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणून रंगवलेले असतात.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की पंचेचाळीसेक किलोमीटरवर यवत लागतं. तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला येते तेव्हा गाव मिळून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. या पंगतीमुळे यवतचं नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावाच्या दक्षिणेला भुलेश्वराचा डोंगर आणि त्याच्या अंगाखांद्यावरचं माळरान. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा ही त्या बाजूची मंडळी. उत्तरेला कालव्यावर पोसलेला ऊस, गुऱ्हाळं, मुळा-मुठा आणि तिच्या पलीकडे राहू बेट. तिकडे उसात बिबट्या. या दोन जगांच्या मधून महामार्ग जातो आणि त्या महामार्गावरून पुणं दरवर्षी थोडं थोडं पूर्वेला सरकतं. २०२१ मध्ये २३ गावं सामावून घेतल्यावर महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली, पण शहराचा भार हद्दीच्या पाटीपाशी थांबत नाही.

शहर आलं की प्राणी संपतात, असं आपण सहज म्हणतो. आकडे नीट वाचले तर वेगळंच दिसतं. शहर मोजक्या जिवांना बेसुमार खाऊ घालतं आणि वाढलेल्या त्या जिवांखाली बाकीचे चिरडले जातात. बिघडतं ते प्रमाण.

लांडग्याचंच बघा. त्याच्या एका कळपाला फिरायला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. यवतपासून जवळ, सुप्याला, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयुरेश्वर अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. एका कळपाच्या मुलुखात अशी तीस-चाळीस अभयारण्यं मावतील. साहजिकच लांडग्याचं जवळपास सगळं आयुष्य अभयारण्याबाहेर जातं: धनगरांच्या वाड्यांच्या कडेने, गायरानातून, पोल्ट्रीच्या शेडमागून, प्लॉटिंगच्या तारेखालून.

आता त्याच मुलुखात कुत्री किती असतील? त्याच गणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाख भटकी कुत्री निघाली. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. सरासरी धरली तर दर चौरस किलोमीटरला चार, म्हणजे दोनशे चौरस किलोमीटरला आठशे. तिथे लांडग्यांचा कळप पाच-सहा जणांचा. आणि ही झाली राज्याची सरासरी. महामार्गालगत, जिथे ढाब्यांचं उष्टं आणि कोंबड्यांचा टाकाऊ माल उघड्यावर पडतो, तिथे आकडा किती चढत असेल याची कल्पना करावी.

असा एखादा ढीग जवळून पाहण्यासारखा असतो. ओढ्याच्या कडेला पोती फुटलेली, पिसं बाभळीच्या काट्यांत अडकलेली, मेलेल्या कोंबड्यांवर घारी आणि कावळे उतरलेले. दिवसभर कुत्र्यांची टोळी तिथून हलत नाही. अंधार पडला की लांडगाही तिथेच येतो. जी चिंकाऱ्याची आणि सशाची शिकार त्याने करायची, ती माळावर कमी झालेली असते आणि हे आयतं असतं. एकाच पोत्यात कुत्रा आणि लांडगा तोंड घालतात आणि तिथेच रोग पार होतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या कुत्र्यांची रक्ततपासणी झाली होती, तेव्हा शंभरातल्या नव्वदच्या आसपास कुत्र्यांना कॅनाइन डिस्टेंपर हा रोग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. कुत्र्यांच्या लाखांच्या संख्येतली हजारभर या रोगाने गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पाच-सहा लांडग्यांच्या कळपात तो शिरला तर एका हंगामात कळप संपू शकतो.

दुसरा धोका रक्तातला आहे. जोडीदार मिळेनासा झालेला लांडगा कुत्र्याशी जुळतो. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर वेगळ्याच रंगाचे ‘लांडगे’ दिसू लागले. तेव्हा पुण्याची ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ आणि बंगळुरूच्या एट्री व एनसीबीएस या संस्थांच्या अभ्यासकांनी त्यांच्या केसांतली जनुकं तपासली. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर भारतात होतो आहे, याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय लांडगा हा जगातल्या सर्वांत प्राचीन लांडगा-वंशांपैकी एक मानला जातो. पाच हजारांना एक या प्रमाणात असा वंश गोळी न झाडताही पुसला जाईल.

आता गावाच्या उत्तरेला, पुण्याचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या मुळा-मुठेकडे वळू. पुण्याच्या जुन्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची क्षमता दिवसाला ४७.७ कोटी लिटर, आणि शहरातून निघणारं सांडपाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट. जपानच्या ‘जायका’च्या अर्थसाह्याने ३९.६ कोटी लिटरची ११ नवी केंद्रं मंजूर झाली. पण मधल्या वर्षांत रोजचे साधारण ४५ कोटी लिटर तसेच नदीत गेले. हे पाणी दहा हजार लिटरच्या टँकरांत भरलं तर दिवसाला ४५,००० टँकर लागतील, म्हणजे दर दोन सेकंदांना एक. आठ मीटरचा एक टँकर धरून ते एकामागे एक उभे केले तर ३६० किलोमीटरची रांग होते. पुण्यात सुरू झालेली ही रांग यवत, इंदापूर, सोलापूर मागे टाकून उमरग्याच्याही पुढे जाईल. आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच नवी रांग.

हे पाणी कवडी, थेऊर, राहू करत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि ११७ टीएमसीच्या उजनी धरणात साठतं. नदी त्यामुळे मेली असं म्हणावं, तर तिच्यावर पक्ष्यांचे थवे असतात. नीट पाहिलं की कळतं, थवे ठरावीकच पक्ष्यांचे आहेत. घाण गाळातल्या अळ्या टिपणारे शेकाटे शेकड्यांनी. पाण्यात चिलापी आणि दक्षिण अमेरिकेहून आलेला सकर मासा, ज्याच्या काटेरी कवचाने कोळ्यांची जाळी फाटतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही हिवाळ्यात याच पाण्यावर उतरतात. पण गढूळ नदीतही ज्यांचं पोट भरतं तेवढेच जीव गर्दी करतात. स्वच्छ वाहत्या पाण्याचे मासे आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी गर्दीच्या मागे दिसेनासे होतात.

बिबट्याच्या बाबतीत हेच गणित माणसाच्या जिवावर उठलं आहे. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस त्याला आडोसा देतो आणि कुत्री त्याला अन्न देतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतशिवारात, शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे मोजले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात, असा २०१८ चा एक अंदाज आहे. कुत्री जिथे, बिबट्या तिथे.

पकडून लांब नेऊन सोडणं हा उपाय जुन्नर भागात करून झाला आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ते १७ वर गेले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यांत दोन मुलं. तिथल्या लोकांना कोणीही जैवविविधतेचं व्याख्यान देऊ नये. पण त्यांचं दुःख खरं मानायचं तर बिबट्याला शिवारात धरून ठेवणाऱ्या कारणांना हात घालावा लागेल, आणि त्यांतलं एक मोठं कारण उघड्यावरचा कचरा आहे. पुण्यातून रोज २,००० टनांहून जास्त कचरा निघतो. वर्षाला सात लाख टन. त्याचा थोडा भाग जरी उघड्यावर सांडला तरी हजारो कुत्र्यांची सोय होते. शहरात नकोशी झालेली कुत्री रात्री गाडीतून आणून इकडे सोडतात, ही तक्रारही या पट्ट्यातल्या गावांतून नेहमी ऐकू येते.

माळाचं नुकसान आपण चांगल्या हेतूनेही करतो. राज्याने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडं लावण्याची उद्दिष्टं घेतली. जंगल उजाड झालं असेल तिथे झाड हवंच. पण माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की गवत जातं. गवतासोबत चंडोल, पखुर्डी आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी जातात. माळ हा स्वतःच एक पुरा अधिवास आहे. झाडं नसणं ही त्याची उणीव नाही.

यातलं बरंच काही यवत ते पाटस या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींच्या हातात आहे. पोल्ट्रीचा टाकाऊ माल आणि ढाब्यांचं उष्टं त्याच दिवशी खड्ड्यात पुरलं जाईल असा ठराव करून तो पाळायला लावावा. कुत्र्यांची नसबंदी आणि डिस्टेंपर-रेबीजचं लसीकरण शंभरातल्या सत्तरांपर्यंत पोचवावं, कारण त्याखाली केलेलं काम नव्या पिल्लांत वाहून जातं. गायरानाची नोंद माळ म्हणूनच राहू द्यावी. आणि पुणेकरांनी आपला कचरा व सांडपाणी आपल्याच हद्दीत निस्तरावं. लांडगा वाचवायला नवं जंगल उभं करावं लागत नाही. पाच हजारांना एक हे प्रमाण उलट दिशेने सरकवायला पहिल्यांदा ढीग झाकावा लागतो, आणि ते काम या आठवड्यातसुद्धा सुरू करता येतं.