सफाई व्यवसायातील वेठबिगार व श्रमशोषण

रस्ते, गटारे, कार्यालये, रुग्णालये, रेल्वे स्थानके इ. ठिकाणच्या साफसफाईसाठी लावलेल्या कामगारांकडून धाक, कर्ज, फसवणूक अथवा आर्थिक अगतिकता यांच्या बळावर काम करून घेणे आणि त्यांना कायद्याने ठरविलेले वेतन व संरक्षण नाकारणे, या प्रकारांचा समावेश या विषयात होतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९३० च्या करारानुसार शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेले व स्वखुशीने न पत्करलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम होत. भारताने या करारास १९५४ मध्ये मान्यता दिली. अलीकडे अशा सर्व प्रकारांना ‘आधुनिक गुलामगिरी’ असे एकत्रित नाव रूढ झाले आहे.

सफाईच्या कामाचा वेठबिगारीशी असलेला संबंध भारतात जुना आहे. हे काम जातीने ठरलेले होते आणि ब्रिटिश अमदानीतील अनेक नगरपालिका कायद्यांनी त्यास दंडाची जोड दिली. सफाई कामगाराने पूर्वसूचना न देता काम सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा मानला जाई. इतर कामगारांच्या बाबतीत जो केवळ कराराचा भंग ठरला असता, तो येथे अपराध ठरत होता. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) खराटा हाती घेऊन गावसफाईस सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या नावाने २००० नंतर राज्यात स्वच्छता अभियानही राबविण्यात आले. तथापि अशा अभियानांच्या गौरवात दररोज पहाटे मजुरीसाठी झाडणाऱ्या माणसाच्या वेतनाचा प्रश्न बहुधा झाकला जातो.

संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे. तिचा खरा अर्थ १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केला. न्यायमूर्ती भगवती यांच्या या निर्णयानुसार बळ केवळ शारीरिक नसते. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरी पत्करणे हेही सक्तीचेच श्रम होत. सफाई व्यवसायास हा निकष विशेष लागू पडतो, कारण येथे कामगारास सहसा कोंडून ठेवावे लागत नाही. बंधबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ अन्वये बंधबिगारीचे कर्ज आपोआप रद्द होते आणि ते तसे कर्ज नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर येते.

कंत्राटी पद्धतीच्या बाबतीत कायद्याचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेद्वारे आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ काढणे व राखण या कामांसाठी कंत्राटी कामगार नेमण्यास बंदी घातली. प्रत्येक आस्थापनेचा स्वतंत्र विचार न करता ती सरसकट काढली, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ती रद्द केली. शिवाय कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मुख्य मालकाच्या सेवेत कायम होत नाही, असेही ठरविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने मूळ स्वरूपाच्या कामांत कंत्राटी मजुरांस मनाई केली आहे. पण झाडलोट, सफाई व कचऱ्याची विल्हेवाट ही कामे त्या व्याख्येतून वगळली आहेत. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल, तर हा अपवाद लागू होत नाही. रस्त्यांची सफाई हे नगरपरिषदेचे १९६५ च्या अधिनियमाने ठरविलेले बंधनकारक कर्तव्य आहे. तेव्हा तिच्या बाबतीत या तरतुदीचा अर्थ काय लावावयाचा, हा वाद न्यायालयापुढे येणे अपरिहार्य दिसते.

धामणगाव रेल्वे (जि. अमरावती) हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील कापसाच्या व्यापाराचे, तालुक्याचे गाव. अशा गावात सफाईच्या कामाचे मालक अनेक असतात. स्थानकाचा फलाट रेल्वेच्या, तर बाहेरचा रस्ता नगरपरिषदेच्या अखत्यारीत येतो. रेल्वे व राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत केंद्र सरकार, तर नगरपरिषद, बाजार समिती व दुकाने यांच्या बाबतीत राज्य सरकार किमान वेतन ठरविते. परिणामी हाकेच्या अंतरावर तोच खराटा चालविणाऱ्या दोघांचे दर वेगळे असू शकतात आणि आपला दर कोणता, हे कामगारास ठाऊक नसते. शोषणाचा आरंभ बहुधा या अज्ञानातून होतो.

त्यापुढील प्रकार ठरावीक आहेत : वेतन बँकेत जमा करून त्यातील काही रक्कम रोख परत घेणे, त्यासाठी कामगाराचे एटीएम कार्ड मुकादमाने स्वतःजवळ ठेवणे, हजेरीपटावर खाडे दाखविणे, भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापून ती न भरणे, गणवेश व झाडू यांचा खर्च मजुरीतून वळता करणे, उचल देऊन ती फिटेपर्यंत काम सोडू न देणे. कागदपत्रे अडकविणे, वेतन रोखणे व कर्जात गुंतविणे ही आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या श्रमाच्या अकरा लक्षणांपैकीच आहेत.

याचे मूळ पुष्कळदा निविदेत असते. सफाईच्या कंत्राटात खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो. समजा, किमान वेतन, निर्वाह निधी व विमा मिळून एका कामगाराचा मासिक खर्च २० हजार रु. आहे, तर ३० कामगारांचे ६ लाख रु. होतात. हे काम ठेकेदाराने ५ लाखांत पत्करले, तर उरलेले लाखभर रुपये मजुरीतूनच निघणार, हे निविदा उघडणाऱ्यास त्याच क्षणी कळावयास हवे. म्हणून वैधानिक खर्चाहून कमी दराची निविदा फेटाळणे, हा प्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक उपाय होय. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडील गुलामगिरी रोखण्याबाबत वार्षिक निवेदन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. पण निवेदनापेक्षा हा हिशेब अधिक उपयोगी आहे.

मुंबई महानगरपालिकेच्या कचरा कामगारांचा लढा या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथे कंत्राटी कामगारांस ‘स्वयंसेवक’ व वेतनास ‘मानधन’ म्हणून कामगार कायदे टाळण्यात येत. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दाव्यात औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये सु. २,७०० कामगारांस कायम करण्याचा निवाडा दिला व २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही यादीतील नावे व कागदपत्रांतील नावे जुळत नाहीत, या कारणाने अनेकांना प्रतीक्षा करावी लागली. कामगाराजवळ नेमणूकपत्र, ओळखपत्र व वेतनपावती असणे किती मोलाचे आहे, ते यावरून कळते.

ठेकेदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर असते. ती नव्या संहितेतही कायम आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात दिवसांत, काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत आणि जादा कामाचे वेतन दुप्पट दराने द्यावे लागते. गटार वा मैलाटाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविणे २०१३ च्या अधिनियमाने गुन्हा ठरविले असून अशा मृत्यूबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रु. केली. वेतनाची तक्रार राज्याच्या कामगार कार्यालयाकडे, रेल्वे वा बँकेच्या बाबतीत केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे, तर बंधबिगारीची तक्रार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अथवा जिल्हा व उपविभाग पातळीवरील दक्षता समितीकडे करता येते.