डायनामोमीटरवरील अश्वशक्ती मापन

डायनामोमीटरवरील अश्वशक्ती मापन म्हणजे इंजिनावर किंवा वाहनाच्या चाकांवर नियंत्रित भार लावून त्यांची शक्ती ठरवण्याची पद्धत होय. कारखान्यातून आली तशीच, म्हणजे कोणताही बदल न केलेली मोटार डायनामोमीटरवर तपासली असता मिळणारा आकडा उत्पादकाने जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा बहुधा कमी असतो. मोठ्या इंजिनाच्या मसल कारच्या बाबतीत हा फरक अनेक अश्वशक्तींचा असतो. तो प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असतो: शक्ती कोठे मोजली, कोणत्या मानकानुसार मोजली आणि मोजतेवेळी हवा कशी होती. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटर उंचीवर असल्याने तेथे तिसरे कारण विशेष महत्त्वाचे ठरते.

एकके व सूत्र

डायनामोमीटर शक्ती थेट मोजत नाही. तो टॉर्क (पीळ देणारे बल) व फिरण्याचा वेग नोंदवतो आणि या दोहोंच्या गुणाकारावरून शक्ती काढली जाते.

शक्ती (किलोवॅट) = टॉर्क (न्यूटन-मीटर) × वेग (फेरे प्रतिमिनिट) ÷ ९५४९

उदाहरणार्थ, ६,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या इंजिनाची शक्ती सुमारे २५१ किलोवॅट असते. जेम्स वॉट याने रूढ केलेली ब्रिटिश अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड कार्य, अर्थात ७४५.७ वॅट. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची असते. त्यामुळे वरील इंजिनाची शक्ती ब्रिटिश एककात ३३७, तर मेट्रिक एककात सुमारे ३४२ भरते. दोन गाड्यांची तुलना करताना एकक तपासणे म्हणूनच आवश्यक असते.

इतिहास

फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ साली घर्षणावर चालणारा ब्रेक तयार केला. फिरत्या दंडाला लाकडी ठोकळे आवळून धरायचे आणि त्यांना जोडलेल्या तरफेवरील वजनावरून टॉर्क काढायचा, अशी त्याची रचना होती. ‘ब्रेक अश्वशक्ती’ ही संज्ञा अशा ब्रेकवरील मापनातून आली. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७७ साली पाण्याच्या रोधावर चालणारा डायनामोमीटर मांडला. त्यामुळे मोठ्या सागरी इंजिनांची शक्ती मोजणे शक्य झाले.

प्रकार

इंजिन डायनामोमीटरवर इंजिन गाडीतून काढून थेट जोडले जाते. त्यावर क्रँकशाफ्टपाशी मिळणारी शक्ती समजते. उत्पादक जाहीर करतात तो आकडा याच जागेचा असतो.

चासिस डायनामोमीटरवर संपूर्ण गाडी रोलरवर उभी केली जाते. त्यावर समजते ती चाकांपाशी पोहोचलेली शक्ती. याचे दोन उपप्रकार प्रचलित आहेत. जडत्वाच्या डायनामोमीटरमध्ये जड रोलर किती त्वरेने वेग घेतो यावरून शक्ती काढली जाते. भारयुक्त डायनामोमीटरमध्ये भोवरी विद्युतप्रवाहाचा ब्रेक किंवा विद्युत मोटर रोलरला रोध करते. त्यामुळे एका ठरावीक वेगावर गाडी स्थिर ठेवूनही वाचन घेता येते.

चाचणीची पद्धत

गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधून टायरमधील हवेचा दाब तपासला जातो. इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचे तेल नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत गाडी चालवली जाते. रेडिएटरसमोर मोठा पंखा लावतात. चाचणीसाठी शक्यतो १:१ गुणोत्तराचा गिअर निवडतात, कारण त्यात गिअरबॉक्समधील घर्षण साधारणतः कमी असते. मग कमी फेऱ्यांपासून कमाल फेऱ्यांपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊन आलेख घेतला जातो. एकाच वाचनावर विसंबण्याऐवजी लागोपाठच्या तीन वाचनांची तुलना करतात. पट्टे जास्त आवळल्यास किंवा टायरमध्ये हवा कमी असल्यास टायर अधिक चेपतात व चाकांवरील शक्ती कमी दिसते.

जाहीर शक्ती व मोजलेली शक्ती

अमेरिकी उत्पादक १९७१ पर्यंत बहुतांशी ‘ढोबळ’ अश्वशक्ती जाहीर करीत. त्यासाठी इंजिन एअर क्लीनर, नेहमीचा सायलेन्सर, अल्टरनेटर यांसारख्या उपांगांविना तपासले जाई. १९७२ च्या मॉडेलांपासून ही उपांगे जोडून मोजलेली ‘निव्वळ’ अश्वशक्ती रूढ झाली. शेवरलेच्या ‘एलटी-१’ इंजिनाचा कॉर्व्हेटसाठी जाहीर केलेला आकडा १९७१ मध्ये ३३० होता, तो १९७२ मध्ये २५५ झाला. ही घट मुख्यतः मापनपद्धतीतील बदलाची होती. त्यामुळे साठच्या दशकातील मसल कारचा जाहीर आकडा आजच्या आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही.

भारतात फोर्ड मस्टँग जुलै २०१६ मध्ये अधिकृतपणे विक्रीस आली. तिच्या ५.० लिटर व्ही-८ इंजिनाची भारतासाठीची जाहीर शक्ती ३९५ ब्रिटिश (४०१ मेट्रिक) अश्वशक्ती होती. अमेरिकेत त्याच पिढीच्या गाडीसाठी ४३५ हा आकडा दिला जात असे. परदेशी माहितीपत्रकातील आकडा भारतीय गाडीला लावल्यास तुलना सुरुवातीलाच चुकते.

क्रँकशाफ्टपासून चाकांपर्यंत जाताना गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंगे व टायर यांत काही शक्ती खर्च होते. मागील चाके चालवणाऱ्या गाडीसाठी ही घट १५ टक्के धरण्याचा प्रघात आहे. मात्र हा ठोकताळा आहे. प्रत्यक्ष घट गिअरबॉक्सचा प्रकार, तेलाचे तापमान आणि वेग यांनुसार बदलते. चाकांवरील आकड्यात ठरावीक टक्के मिळवून काढलेली ‘इंजिनाची शक्ती’ हे मापन नसून अनुमान असते.

हवेचा परिणाम व सुधारणा गुणक

इंजिनाची शक्ती प्रत्येक चक्रात सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या ऑक्सिजनवर अवलंबून असते. हवेचा दाब कमी झाला, तापमान वाढले किंवा हवेतील बाष्प वाढले की हा ऑक्सिजन घटतो. निरनिराळ्या ठिकाणची मापने एका पातळीवर आणण्यासाठी मोजलेल्या शक्तीला सुधारणा गुणकाने गुणतात. आयएसओ १५८५ या मानकात कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल व तापमान २५ अंश सेल्सिअस (२९८ केल्विन) ही संदर्भस्थिती आहे. पेट्रोल इंजिनासाठी सूत्र असे आहे:

गुणक = (९९ ÷ कोरड्या हवेचा दाब)^१.२ × (केल्विनमधील तापमान ÷ २९८)^०.६

हवेच्या एकूण दाबातून बाष्पाचा दाब वजा केला की कोरड्या हवेचा दाब मिळतो. गुणक ०.९३ ते १.०७ या मर्यादेत असेल तरच दुरुस्त केलेला आकडा मानकानुसार ग्राह्य असतो. मर्यादेबाहेर चाचणीची स्थिती तपशीलवार नोंदवावी लागते.

सर्व मानकांची संदर्भस्थिती सारखी नाही. जुन्या अमेरिकी एसएई जे६०७ मानकात अधिक थंड व पूर्ण कोरडी हवा गृहीत धरलेली असल्याने, त्यानुसार दुरुस्त केलेला आकडा एसएई जे१३४९ च्या आकड्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त येतो. गाडी न बदलता केवळ संगणकातील मानक बदलून शक्ती ‘वाढलेली’ दाखवता येते ती यामुळेच.

लोणावळा व मावळातील स्थिती

प्रमाणित वातावरणानुसार लोणावळ्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९४.१ किलोपास्कल असतो. समुद्रसपाटीवरील दाबापेक्षा तो सुमारे ७ टक्के कमी आहे. हा दाब धरून वरील सूत्राने येणारे गुणक पुढीलप्रमाणे:

• हिवाळी सकाळ (२० अंश, आर्द्रता ४० टक्के): सुमारे १.०६
• उन्हाळी दुपार (३५ अंश, आर्द्रता ३० टक्के): सुमारे १.११
• पावसाळा (२४ अंश, आर्द्रता ९५ टक्के): सुमारे १.१०

तुलनेसाठी, समुद्रकाठच्या मुंबईत ३० अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असताना हाच गुणक सुमारे १.०२ येतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील हवा थंड असली, तरी तिच्यातील बाष्पामुळे थंडाव्याचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. या तिन्ही उदाहरणांपैकी केवळ हिवाळी सकाळच मानकाच्या मर्यादेत बसते.

संदर्भस्थितीत ३९५ अश्वशक्ती देणारे टर्बोविरहित इंजिन लोणावळ्यात पावसाळ्यात सुमारे ३५९ अश्वशक्ती देईल. चाकांपर्यंतची घट १५ टक्के धरल्यास रोलरवर साधारण ३०५ हा आकडा दिसेल. जाहीर आकड्यापेक्षा तो ९० ने कमी असला, तरी एवढ्यावरून गाडीत दोष आहे असे म्हणता येत नाही.

टर्बोचार्जर असलेली आधुनिक इंजिने दाबातील घट बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतात. अशा गाडीला टर्बोविरहित इंजिनाइतकाच गुणक लावल्यास आलेला आकडा फुगीर ठरू शकतो.

भारतातील प्रमाणन

नव्या वाहनप्रकारांची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार अधिकृत संस्थांकडून होते. इंजिनाच्या शक्तिमापनाची पद्धत आयएस १४५९९ या भारतीय मानकात दिली आहे. अधिकृत संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत: पुण्यातील वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), भोसरी येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना. पुणे शहरही सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील गुणक मर्यादेच्या जवळ जातो. इंजिनाला दिल्या जाणाऱ्या हवेचे तापमान, आर्द्रता व दाब नियंत्रित करणारी यंत्रणा चाचणीकक्षात असल्यास ही अडचण दूर होते. खासगी गॅरेजमधील चासिस डायनामोमीटरवर अशी सोय सहसा नसते.

निष्कर्षांचा अर्थ

एकाच डायनामोमीटरवर, सारख्या हवेत व सारख्या पद्धतीने घेतलेली दोन वाचने परस्परांशी ताडून पाहण्यास विश्वसनीय असतात. गाडीत बदल करण्यापूर्वीचे मूळ वाचन घेऊन ठेवण्याचा उपयोग यासाठीच होतो. दोन वेगळ्या यंत्रांवरील किंवा दोन वेगळ्या गावांतील आकड्यांची तुलना करताना मापनाची जागा, एकक, मानक, सुधारणा गुणक आणि हवेच्या नोंदी या पाचही बाबी सोबत असाव्या लागतात. दुरुस्त न केलेले मूळ वाचनही अहवालात असल्यास गुणकामुळे किती वाढ झाली हे वाचकाला पडताळता येते.