गारगोटी ओळखावी कशी, फोडावी कशी

गेल्या वैशाखात माती परीक्षणाचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. नव्या विहिरीच्या मलब्यावर घरधन्याचा आठवीतला मुलगा हातोडी घेऊन काळा दगड ठोकत बसला होता. "काय चाललंय रे?" विचारलं तर म्हणतो, "भाऊसाहेब, बाणाचं टोक करतोय. इतिहासाच्या पुस्तकात चित्र आहे. पण नुसता भुगा होतोय."

भुगा व्हायचाच. काळा फत्तर पाट्या-वरवंट्याचा, जात्याचा, बांधकामाचा. जुन्या माणसाने त्याच्या ओबडधोबड कुऱ्हाडी केल्या, पण नखासारखी पातळ, धारदार कपची त्याची निघत नाही. ती निघते गारगोटीची. आपले आजे-पणजे चकमकीने विस्तव पाडायचे, ती हीच. त्या पोराला घेऊन मी मागच्या ओढ्यात उतरलो.

आपल्या देशावरचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत गारेचा अंश आणून साठवला. तीच गारगोटी. फत्तर झिजून त्याची माती झाली तरी गारगोटी झिजत नाही. म्हणून ती नांगराच्या फाळाला लागते, ओढ्याच्या वाळूत सापडते. घोड, प्रवरा, भीमा, गोदावरी यांच्या काठच्या दगडगोट्यांत ती भरपूर आहे. विहिरीचा मलबाही बघावा, मात्र सुरुंगाने हादरलेल्या दगडात आतून चिरा असतात. कोकणातल्या जांभ्याच्या नादी लागू नये.

पांढरा दिसला की गारगोटी, असे मात्र नाही. आमच्या पोराने पहिल्या दहा मिनिटांत खिसे भरले, त्यात निम्मी चुनखडी निघाली. चुनखडीवर लिंबू पिळले की ती फसफसते. पोकळ्यांतच सापडणारे दुसरे पांढरे, मोतिया चकाकीचे खडे फार देखणे. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते पाहावेत. पण ते मऊ, चाकूने ओरखडले जातात. खऱ्या गारगोटीवर चाकू घासला तर उलट पोलादाचीच रेघ दगडावर उमटते, आणि तिने काच ओरखडते. तिची पातळ कड उन्हात धरली तर उजेड आरपार दिसतो. फुटलेली बाजू मेणासारखी तुकतुकीत आणि शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी खोलगट असते. लालसर, अपारदर्शक असेल तर तो यशब, तोही चालतो. साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक आत दिसले तर टाकून द्यावा, तो वेडावाकडा फुटतो. दोन दगड एकमेकांवर आपटून बघावेत. खणकन वाजला तो घ्यावा, बद्द वाजला तो टाकावा. बैल, मडके आणि दगड पारखूनच घ्यावे.

आता फोडण्याचे. हातोडी नको. नदीतला मुठीएवढा गुळगुळीत गोटा घ्यावा. गारगोटीची जी कड काटकोनापेक्षा कमी कोनात असेल, तिच्या काठाला तिरका फटका मारावा. दगडाच्या मध्यावर मारणारा फक्त दगड फोडतो. काठ आधी खरबरीत दगडावर थोडा घासून घेतला म्हणजे फटका निसटत नाही. कपची सुटली की ती जाड चामड्यावर धरून तांब्याच्या जाड सळईने कडेला दाबत जावे. दर दाबाला खालून एक बारीक टवका उडतो. असे दोन्ही बाजूंनी करत टोक काढायचे. खंभातचे अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारल्यासारखे ठोकतात. दगड ते आधी उन्हात वाळवतात आणि मडक्यांत, राखेत मंद तापवतात. मग तो सुरेख फुटतो. आपण घरच्या चुलीत हा प्रयोग करू नये. ओल राहिलेला दगड विस्तवात फुटून उडतो.

डोळ्यांना चष्मा हवाच, गवत कापण्याच्या यंत्रावर लावतात तसला. मांडीवर चामडे, पायांत बूट. घरात किंवा गोठ्यात बसू नये. उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन बसावे. गारेची धूळ फुप्फुसात गेली तर बाहेर येत नाही. दगड घासणाऱ्या कारागिरांना तिने सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. खाली गोणपाट अंथरून सगळे टवके त्यावरच पाडावेत आणि खोल खड्ड्यात पुरावेत. टवका काचेपेक्षा कमी नाही. बैलाच्या खुरात रुतला तर पेरणीत बैल बसतो.

आता एक माझी चूक सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका गावाबाहेर पांढरीचे टेकाड होते. जुन्या वसाहतीची ती माती. राख, शेण, हाडे कुजून झालेली. हलक्या रानात टाका, पीक चांगले येईल, असे मीच सांगितले. कृषीचा पदवीधर, सल्ला शास्त्राला धरूनच होता. पिके आलीही. पण पहिल्या पावसानंतर त्या रानांत गारगोटीची नखाएवढी पाती चमकू लागली. मुले ती खेळायला नेत. मीही दहा-बारा उचलून टेबलावर ठेवली. पुढे पुरातत्त्वाच्या एका प्राध्यापकांना कौतुकाने दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, "कोणत्या थरातली?" मला उत्तर देता येईना. थर ट्रॉलीत भरून गेले होते.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी उत्खनने केली, तेव्हा अशाच थरांतून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उभे राहिले. घरे, जव, पाण्याचा पाट, आणि गारगोटीची पाती. अशी पाती लाकडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवली की विळा होई. आपल्यासारखीच माणसे ती. माझ्या टेकाडात कोण राहत होते, ते आता कळायचे नाही.

म्हणून छंदासाठी दगड ओढ्यातला घ्यावा, दुसऱ्याच्या रानातला असेल तर विचारून. सरळ समांतर कडांची छोटी पाती, किंवा उभ्या खाचा पडलेला गोटा दिसला, आणि जवळ राख किंवा काळ्या रेघांची तांबडी, टिचकी मारल्यावर खणखणणारी खापरे असतील, तर काही न उचलता पुरातत्त्व खात्याला कळवावे. संरक्षित ठिकाणी खणणे तर गुन्हाच आहे.

आणि आपण केलेल्या टोकांवर तारीख घालावी, ती रानात टाकू नयेत. उद्या एखादा अभ्यासक फसायचा. त्या पोराने आतापर्यंत सात टोके केली आहेत, चार मोडली. उरलेल्या तिन्हींवर त्याने ट्रॅक्टरच्या लाल रंगाचा ठिपका दिला आहे. पाखरांवर नेम धरायचा नाही, हे त्याच्याकडून आईने कबूल करून घेतले आहे.