ध्वनिवर्धकांचे अंतर, विलंब आणि भाषाश्रवण

घरगुती चित्रगृहाच्या, म्हणजे होम थिएटरच्या, यंत्रात प्रत्येक ध्वनिवर्धकाचे अंतर नोंदविण्याची सोय असते. नोंद फुटांत वा मीटरांत होत असल्यामुळे ती लांबीची आहे असा समज होतो. वस्तुतः ती कालाची नोंद होय. त्या अंतरावरून ध्वनीला लागणारा वेळ रिसीव्हर काढतो आणि जवळच्या ध्वनिवर्धकांना तेवढा काळ थांबवून धरतो. या विलंबाचे भाषाश्रवणाशी काय नाते आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२० अंश सेल्सिअस तपमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. अर्थात एक मीटर ओलांडण्यास त्याला सुमारे २.९ मिलिसेकंद आणि एक फूट ओलांडण्यास सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील नेर येथील एखाद्या घराच्या बैठकीत समोरचे डावे व उजवे ध्वनिवर्धक श्रोत्यापासून १० फुटांवर, मधला ९ फुटांवर आणि बाजूचे दोन ५ फुटांवर आहेत, असे समजू. सर्वांत दूरच्या जोडीला विलंब द्यावा लागत नाही. मधल्याला सुमारे ०.९ आणि बाजूच्यांना सुमारे ४.४ मिलिसेकंद विलंब द्यावा लागतो. म्हणूनच जवळच्या ध्वनिवर्धकाचे अंतर वाढवून लिहिले तर त्याचा विलंब वाढत नाही, उलट कमी होतो. सबवूफरचे अंतर मात्र स्वयंचलित मापनात फितीने मोजलेल्यापेक्षा पुष्कळदा अधिक दिसते. त्याच्या मंडलांत ध्वनी काही काळ रेंगाळतो, आणि तो काळ यंत्र अंतराच्या रूपाने दाखविते. ती नोंद चुकीची समजून बदलू नये.

एवढ्या अल्प काळाचे महत्त्व श्रवणाच्या एका नियमात आहे. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून येऊ लागला, तर जो आधी कानी पडतो त्याच्याच दिशेने तो आला असे वाटते. लोथार क्रेमर यांनी १९४८ मध्ये यास प्रथम तरंगाग्राचा नियम म्हटले. हेल्मुट हास यांचे ग्यॉटिंगेन येथील प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मागून येणारे भाषण सुमारे ५ ते ३० मिलिसेकंदांनी उशिरा आले, तर ते १० डेसिबेलपर्यंत मोठे असूनही स्वतंत्र ध्वनी म्हणून जाणवत नाही, असे त्यांत दिसून आले. दोन ध्वनींतील अंतर एक मिलिसेकंदाच्या आत असेल, तर भासमान स्थान दोहोंच्या मध्ये राहून आधी येणाऱ्याकडे सरकते. समोरच्या जोडीत एका फुटाची चूक झाल्यास पडद्याच्या मध्यभागी उमटावयाचा ध्वनी एका बाजूस झुकतो, तो यामुळेच.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. खोलीत अशी चूक झाली तरी शब्द हरपत नाही, त्याचे स्थान हरपते. मैदानावर मात्र शब्दच हरपतो. सामान्य बोलण्यात सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारली जातात, म्हणजे एका अक्षरास १५० ते २०० मिलिसेकंद मिळतात. नेरसारख्या गावी सभेच्या वा कीर्तनाच्या वेळी व्यासपीठापासून ५० मीटरांवर दुसरा कर्णा लावला, तर त्याच्याजवळच्या श्रोत्याला व्यासपीठाकडील ध्वनी सुमारे १४६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मागील अक्षर जवळजवळ पुढच्या अक्षरावर येऊन पडते. 'पळ' आणि 'फळ' यांतील भेद ज्या महाप्राणावर अवलंबून आहे, तो काही दशक मिलिसेकंदांचाच असतो; अशा मिश्रणात तो प्रथम बुजतो.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या कर्ण्याला तेवढा विलंब देऊन वर सुमारे १० मिलिसेकंद अधिक देणे. मग वक्त्याचा आवाज व्यासपीठाकडूनच येतो असे वाटते आणि शब्दही स्पष्ट राहतो. येथे तपमानही विचारात घ्यावे लागते. ४२ अंशांत ध्वनी ५० मीटर सुमारे १४० मिलिसेकंदांत ओलांडतो, तर १२ अंशांत त्याला सुमारे १४८ लागतात. वैशाखातील दुपारी १५० वर ठरविलेला विलंब पौषातील रात्री जेमतेम पुरतो. खोलीतील तीन मीटरांत हाच फरक अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी असल्याने त्याची चिंता नको.

ओठांच्या हालचालीशी ध्वनीचा मेळ घालणे ही निराळी बाब होय. १९९८ मधील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी अथवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की विसंगती जाणवू लागते. प, ब, म यांसारख्या ओष्ठ्य वर्णांत ओठ मिटलेले दिसतात, म्हणून ती तेथे सहज लक्षात येते. चित्राच्या मानाने सर्व ध्वनिवर्धक एकदमच मागे पडले असतील, तर अंतराच्या नोंदी बदलून काही साधत नाही. त्यासाठी रिसीव्हरमध्ये असणारी स्वतंत्र सोय वापरावी. अंतराच्या नोंदी ध्वनिवर्धकांचा परस्परांतील मेळ तेवढा साधतात.