नकाशातील गडद छटा काय सांगते?

महाराष्ट्राचा साक्षरतेचा नकाशा वर्गात टांगला, की विद्यार्थ्यांची नजर प्रथम कुठे जाते? जिथे छटा सर्वांत गडद किंवा सर्वांत फिकी असते तिथे. वायव्येच्या कोपऱ्यात, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमांना टेकलेला नंदुरबार जिल्हा अशा नकाशांत बहुधा वेगळ्याच रंगात दिसतो. साक्षरता असो, गरिबी असो की मानव विकास निर्देशांक, शेवटच्या गटाची छटा या जिल्ह्याच्या वाट्याला अनेकदा आलेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांतही नंदुरबार होताच.

असा नकाशा पाहिला की चर्चा सुरू होते. ती व्हायलाच हवी, कारण नकाशे आणि आलेख त्यासाठीच काढलेले असतात. पण बऱ्याचदा ही चर्चा रंगावरच थांबते. रंग कोणत्या आकड्यावरून आला, तो आकडा कोणत्या सीमेच्या आत मोजला आणि गटांच्या मर्यादा कोणी ठरवल्या, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. नंदुरबारच्या वर्गात बसलेल्या मुलासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. नकाशा त्याच्याविषयी काहीतरी म्हणत असतो. ते म्हणणे कितपत खरे आहे हे तपासण्याची रीत त्याला शिकवणे हे विज्ञान आणि भूगोल या दोन्ही विषयांच्या शिक्षकांचे काम आहे, असे आम्हाला वाटते.

जुना प्रकार, जुना वाद

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ज्याला क्षेत्रघनी पद्धत म्हणतात, ती जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. १८२६ मध्ये शार्ल द्युपँ या फ्रेंच अभियंत्याने फ्रान्समधील शालेय शिक्षणाचा एक नकाशा तयार केला. प्रत्येक विभागात शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे किती रहिवासी आहेत हे त्याने काढले आणि त्यानुसार विभागांना पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा दिल्या. उत्तरेचा फ्रान्स उजळ दिसला, दक्षिणेचा बराचसा भाग काळवंडलेला. 'उजळ फ्रान्स' आणि 'अंधारा फ्रान्स' असे बोलले जाऊ लागले आणि त्यावर वादही झडले.

पुढे आंद्रे-मिशेल गेरी याने शिक्षणाचे आणि गुन्ह्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले. अज्ञान जास्त तिथे गुन्हे जास्त, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात मात्र वेगळेच चित्र दिसले. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे उजळ समजल्या जाणाऱ्या उत्तरेकडेच अधिक होते. छटांवरून काढलेला घाईचा निष्कर्ष दुसऱ्या नकाशाने असा अडवला. ही कथा आजही वर्गात सांगण्यासारखी आहे.

पहिला प्रश्न : सीमा कोणती?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके मिळून नवा नंदुरबार जिल्हा तयार झाला. ३० जूनच्या रात्री या तालुक्यांतील माणसे जशी होती तशीच ती दुसऱ्या दिवशी सकाळी होती. एकही शाळा उघडली नाही वा बंद पडली नाही. पण नकाशावर मात्र फरक पडला. तो किती, हे आपण आकड्यांवरून पाहू.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार आणि साक्षरता ६४.३८ टक्के होती. धुळ्याची लोकसंख्या २० लाख ५१ हजार आणि साक्षरता ७२.८० टक्के होती. विभाजन झालेच नसते तर एकत्र जिल्ह्याची साक्षरता किती भरली असती? दोन्ही टक्केवाऱ्या मिळवून दोनाने भागणे चूक ठरेल, कारण दोन्हीकडची लोकसंख्या सारखी नाही. प्रत्येक टक्केवारीला तिच्या लोकसंख्येने गुणून बेरीज करायची आणि एकूण लोकसंख्येने भागायचे. (साक्षरता सात वर्षे व त्यावरील लोकांची मोजतात, म्हणून खरे तर तेवढीच लोकसंख्या घ्यायला हवी. ढोबळ हिशेबाला एकूण लोकसंख्या चालते.) उत्तर येते सुमारे ६९ टक्के.

म्हणजे एकत्र जिल्हा राहिला असता, तर सातपुड्यातील पाड्यांची स्थिती ६९ या सरासरीत विरघळून गेली असती. विभाजनाने ती नकाशावर दिसू लागली. पालघरच्या बाबतीतही असेच घडले. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. तोपर्यंत जव्हार-मोखाड्याचे आकडे ठाणे-कल्याणच्या आकड्यांबरोबर एकाच सरासरीत मिसळले जात होते.

हीच कसोटी आता उलट दिशेने लावा. नंदुरबार हा तरी एकजिनसी जिल्हा आहे का? दक्षिणेला तापीच्या खोऱ्यात शहाद्याची काळी जमीन, ऊस, कापूस आणि केळी. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, त्यांत विखुरलेले अक्राणी आणि अक्कलकुव्याचे पाडे आणि पलीकडे नर्मदा. सरदार सरोवरामुळे बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे या डोंगरी तालुक्यांतीलच. ६४.३८ हा आकडा नंदुरबार शहराचे वर्णन करत नाही आणि अक्राणीच्या दुर्गम पाड्याचेही करत नाही. शहराची साक्षरता त्याहून वर आहे, पाड्याची त्याहून खाली. जो आकडा कोणत्याच गावाचा नाही, त्याच्या छटेने सारा जिल्हा एकसारखा रंगवलेला असतो.

दुसरा प्रश्न : गट कसे पाडले?

२०११ च्या जनगणनेतील पाच जिल्ह्यांची साक्षरता (टक्के) पाहा :

नंदुरबार : ६४.३८
जालना : ७१.५२
धुळे : ७२.८०
परभणी : ७३.३४
गडचिरोली : ७४.३६

सर्वांत गडद छटेचा गट '७५ पेक्षा कमी' असा ठरवला, तर हे पाचही जिल्हे एकाच रंगात येतात. नकाशा पाहणारा म्हणेल, 'मराठवाडा, खानदेश आणि विदर्भाचे टोक, सगळीकडे सारखीच अडचण आहे.' मर्यादा ७० वर आणली, की एकटा नंदुरबार गडद राहतो. आता तोच माणूस म्हणेल, 'बाकी सगळीकडे ठीक आहे, प्रश्न एका जिल्ह्याचा आहे.' आकडे तेच, नकाशा तोच, फक्त मर्यादा पाचाने सरकली आणि निष्कर्ष बदलला. निधी कुणाला द्यायचा यावरची चर्चा जर असा नकाशा समोर ठेवून होत असेल, तर या पाच टक्क्यांना केवढे महत्त्व येते ते लक्षात घ्या.

क्रमवारीतही असाच सापळा असतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात नंदुरबारचा निर्देशांक ०.६०४ होता, गडचिरोलीचा ०.६०८ आणि राज्याचा ०.७५२. यादीत नंदुरबार शेवटचा आणि गडचिरोली त्याच्या वर. पण दोघांमधला फरक अवघा ०.००४ आहे. मोजणीत थोडीशी जरी त्रुटी असेल, तरी ही जागांची अदलाबदल होऊ शकते. क्रमांक फक्त मागेपुढे कोण हे सांगतो, किती अंतराने ते सांगत नाही. वर्गात पहिला आणि दुसरा यांच्यात अर्धा गुण आहे की चाळीस, हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. तसेच हे आहे.

तिसरा प्रश्न : जमीन रंगवली की माणसे?

क्षेत्रघनी नकाशात डोळ्यांना भरतो तो रंगवलेला पृष्ठभाग. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचे ४४६. नकाशावर गडचिरोली उपनगराच्या बत्तीसपट मोठा दिसतो. पण २०११ मध्ये उपनगरात ९३ लाख ५७ हजार माणसे राहत होती आणि गडचिरोलीत १० लाख ७३ हजार. म्हणजे डोळ्यांना जे बत्तीसपट मोठे दिसते, तिथे माणसे जवळजवळ नवव्या हिश्शाने आहेत.

याचे दोन अर्थ निघतात. टक्केवारी कमी असलेला विस्तीर्ण जिल्हा पाहून आपण तिथल्या निरक्षरांची संख्या मनात वाढवून घेतो. उलट दाट वस्तीच्या शहरात टक्केवारी चांगली असूनही निरक्षर माणसांची एकूण संख्या मोठी असू शकते आणि ती नकाशावर टिकलीएवढ्या जागेत दडून जाते. म्हणून प्रमाण दाखवायला क्षेत्रघनी पद्धत वापरावी आणि संख्या दाखवायला टिंब पद्धत. नंदुरबारची लोकसंख्या टिंबांनी दाखवून पाहा. तापीकाठी टिंबांची गर्दी होईल आणि सातपुड्यात ती विरळ पसरतील. दर चौरस किलोमीटरला २७७ माणसे ही जिल्ह्याची सरासरी घनता दोन्हीकडे खोटी ठरते, हे विद्यार्थ्यांना न सांगता समजेल.

चौथा प्रश्न : मोजपट्टी कुठून सुरू होते?

आता नकाशा सोडून स्तंभालेखाकडे वळू. नंदुरबारचा बाजार लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली दिसते. समजा (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत) ओल्या मिरचीचा भाव सोमवारी क्विंटलला ३,००० रुपये होता आणि शनिवारी ३,३०० झाला. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्यापेक्षा एक दशांशाने उंच दिसेल. तोच अक्ष २,९०० पासून सुरू केला, तर पहिल्या स्तंभाची उंची १०० आणि दुसऱ्याची ४०० होईल. वाढ दहा टक्क्यांचीच, पण चित्रात भाव चौपट झालेला दिसतो.

मग अक्ष नेहमी शून्यापासूनच काढावा का? स्तंभालेखात होय, कारण तिथे आपण स्तंभाची उंचीच वाचतो. रेषालेखाचे तसे नाही. रुग्णाच्या तापाचा आलेख शून्य अंशापासून काढला, तर ३७ आणि ३९ अंशांतला जीवघेणा फरक दिसणारच नाही. प्रयोगशाळेत आम्ही आलेख काढतो तेव्हा हाच विचार करतो : किती फरक अर्थपूर्ण आहे? तेवढा फरक स्पष्ट दिसावा आणि त्याहून किरकोळ फरक फुगू नये, अशी मोजपट्टी घ्यावी.

छटा सारखी म्हणजे कारण तेच?

२०११ मध्ये नंदुरबारच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. या वाट्याचा नकाशा आणि साक्षरतेचा नकाशा शेजारी ठेवले, तर छटा जुळतात. इथे कोणीतरी पटकन म्हणतो, 'आदिवासी आहेत म्हणून शिकत नाहीत.' गेरीने दोनशे वर्षांपूर्वी ज्याविरुद्ध सावध केले, तीच ही चूक. दोन छटा एकाच ठिकाणी गडद आहेत याचा अर्थ एकीमुळे दुसरी झाली असा होत नाही. डोंगरातील पाड्यापासून शाळेचे अंतर, पावसाळ्यातील रस्ते, ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि अन्यत्र होणारे स्थलांतर, घरातील भिली-पावरी बोली आणि पुस्तकातील मराठी यांतील दरी, यांपैकी काहीच त्या दोन नकाशांवर काढलेले नाही. जे नकाशावर नाही, ते कारण नाही असे मानता येत नाही.

शिवाय जिल्ह्याच्या आकड्यावरून एका मुलाविषयी काहीच सांगता येत नाही. '६४ टक्के' हा त्या मुलाचा गुण नव्हे.

एका बाजूने मात्र हा जिल्हा नकाशात दिसतो त्याहून बरा आहे. २००१ मध्ये त्याची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती आणि राज्याची सुमारे ७७. २०११ मध्ये ती अनुक्रमे ६४ आणि ८२ झाली. दहा वर्षांत राज्याशी असलेले अंतर २१ वरून १८ गुणांवर आले. दोन्ही वर्षांच्या नकाशांत छटा गडदच राहिली, पण त्या छटेच्या आत बदल चालू होता. तो दिसण्यासाठी दोन नकाशे शेजारी ठेवावे लागतात. आणि हे आकडे आता जुने झाले आहेत हेही लक्षात ठेवायला हवे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झालेली आहे. नकाशाच्या कोपऱ्यातले वर्ष वाचणे म्हणूनच महत्त्वाचे.

वर्गात करून पाहा

१. जनगणनेच्या पुस्तिकेतून आपल्या तालुक्यातील वीस गावांची साक्षरता घ्या. वर्गाचे तीन गट करा. प्रत्येक गटाने वेगळ्या मर्यादा ठरवून नकाशा रंगवावा. मग तिन्ही नकाशे फळ्यावर लावून, प्रत्येकावरून कोणता निष्कर्ष निघतो यावर चर्चा घ्या.

२. गावांच्या दोन जोड्या करून एकत्रित टक्केवारी काढा. सरळ सरासरी आणि लोकसंख्येनुसार काढलेली सरासरी यांत किती फरक पडतो ते पाहा.

३. शाळेचे अंतर आणि उपस्थिती यांचा आलेख काढा. मुलांची नावे, घरचे उत्पन्न किंवा जमात फळ्यावर येऊ देऊ नका. पाड्यांना अ, ब, क अशी अक्षरे द्या. आकड्यांमागे माणसे असतात याचे भान इथेच रुजते.

४. वर्तमानपत्रातील एखादा आलेख कापून आणा आणि त्याला चार प्रश्न विचारा : सीमा कोणती, गट कसे, जमीन की माणसे, मोजपट्टी कुठून?

या प्रश्नांनी चर्चा मिटेल असे नाही. पण ती रंगावर न थांबता आकड्यांपर्यंत पोहोचेल. आणि नंदुरबारचा विद्यार्थी राज्याच्या नकाशासमोर उभा राहील, तेव्हा गडद छटा पाहून मान खाली घालण्याऐवजी तो विचारील, 'हा नकाशा तालुक्यांचा काढला, तर कसा दिसेल?'