समुद्र नसलेली सुट्टी

आमच्या डोंबिवलीच्या वन्संना दरवर्षी ‘कुठंतरी शांत’ जायचं असतं, आणि दरवर्षी त्या गणपतीपुळ्याला नाहीतर महाबळेश्वरला जाऊन रांगेत उभ्या राहून परत येतात. दर्शनाची रांग, जेवणाची रांग, गाडी लावायची रांग. मग फोनवर मला विचारतात, तुमच्या बाजूला काही नाही का गं? मी म्हणते, आहे की, पण समुद्र नाही. इथं संभाषण संपतं. म्हणून यंदा सगळं लिहूनच काढते.

मी सांगलीची. नोकरी बँकेत झाली आणि बदल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या गावांत. त्यामुळे ही गावं मला पाहुणी म्हणून कमी आणि भाडेकरू म्हणून जास्त माहीत आहेत. बाजाराच्या दिवशी काउंटरपुढे केवढी झुंबड उडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेठेत कुत्रंही कसं आडवं पसरून झोपतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. सुट्टीला यायचं ते या दुसऱ्या दिवशी. एसटी स्टँडवर कुणालाही ‘इथला बाजार कधी?’ विचारा, उत्तर मिळतं.

या भागातल्या शांत गावांचं एक वैशिष्ट्य आहे. ती मुळात लहान नव्हती. कुणी संस्थानची राजधानी, कुणी पेशवाईतल्या सरदाराचं ठाणं, कुणी छत्रपतींच्या घराण्याचं तीर्थ. पुढं सत्ता गेली, १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, महामार्ग दुसरीकडून गेला. माणसं पुण्या-मुंबईला गेली आणि मोठमोठे घाट, देवळं, वाडे, दीपमाळा तेवढ्या मागं राहिल्या. दहा हजारांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवर संध्याकाळी दहा माणसं बसलेली असतात. अशी ऐसपैस शांतता नुसत्या लहान खेड्यात मिळत नाही.

औंधचंच बघा. खटाव तालुक्यातलं हे गाव पंतप्रतिनिधींची राजधानी होतं. रहिमतपूर स्टेशनवर उतरायचं आणि एसटी किंवा वडापनं पुढं जायचं. दुरूनच टेकडीवरचं यमाईचं मूळपीठ दिसायला लागतं. त्या टेकडीच्या अंगावरच १९३८ मध्ये बांधलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं, धुरंधरांची चित्रं, हस्तिदंताचं आणि चंदनाचं कोरीवकाम, आणि यादीत एक नाव असं की वाचणारा थबकतोच: इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर. त्यांचं माता आणि बालक हे शिल्प खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर आहे, हे आपल्याकडच्या कितीजणांना माहीत असेल? मुंबईच्या एखाद्या गॅलरीत ते असतं तर त्याच्यापुढं दोर बांधला असता, पहारा बसवला असता. इथं एखाद्या साध्या मंगळवारी तुम्ही आणि ते शिल्प, दोघंच.

हा संग्रह जमवला तो राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. प्रजेनं नमस्कार घालावेत म्हणून त्यांनी शाळाशाळांतून ते सुरू केले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर इथं येऊन राहिले आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाचं काम तीसेक वर्षं इथूनच चाललं. गदिमा इथल्या शाळेत शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा मिळाली तीही याच संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर. तीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. १९३९ मध्ये तर या राजानं राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. गांधीजींचा सल्ला त्यामागं होता, आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन मसुद्यापासून सोबत होते. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही भिंतींविना असलेली कैद्यांची वसाहतही त्याच काळातली. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला १९५७ मध्ये, कथा गदिमांची, पण त्याचं मूळ या वसाहतीत आहे. मला वाटतं, ७२ गावांच्या एवढ्याशा संस्थानाला आपण शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ दिली असती तर बरं झालं असतं.

औंधला गर्दी होते ती यात्रेला आणि कोजागिरीनंतरच्या संगीत महोत्सवाला. अंतुबुवा जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तो सुरू केला. ही गर्दी मात्र मी गर्दीत मोजत नाही. रात्रभर गाणं ऐकणाऱ्या माणसांचा त्रास कुणाला होतो?

आता नदी. वन्सं समुद्र मागतात तेव्हा त्यांना खरं तर पाण्याकडे बघत काही न करता बसायचं असतं, अशी माझी समजूत आहे. त्याची सोय कृष्णेनं वाईपासून हरिपूरपर्यंत करून ठेवलीय.

वाई आता तशी अपरिचित राहिलेली नाही. ढोल्या गणपतीसमोर शनिवारी-रविवारी गाड्यांची माळ लागते. पण जवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी लवकर गेलात तर नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट तुमचाच. वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, आणलेली पोर्तुगिजांची घंटा तिथं टांगलेली आहे. ती वाजवायचा मोह आवरा. शूटिंग चालू असेल तर सरळ धोमला जा. तिथं देवळासमोर दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय.

साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाटा लागतो. तिथली बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, असा शिलालेखच तिथं आहे. विहीर अष्टकोनी आहे, आणि तिच्या पोटात चक्क खांबांचं दालन आहे. वर बारा मोटा चालायच्या नि खाली गारव्याला राजघराण्यातली माणसं बसायची. अलीकडे मोबाईलवर चित्रफिती करणाऱ्यांना तिचा शोध लागलाय, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथं शांतता मागू नका. त्यापेक्षा साताऱ्याला लागून असलेलं माहुली बरं. कृष्णा-वेण्णेचा संगम, दोन्ही तीरांवर देवळं, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. शाहू महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याची समाधीही इथंच बांधली. नातवंडं बरोबर असतील तर आधी तिकडेच न्या. देवळांपेक्षा त्यांना तीच लक्षात राहते.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम मी शांत जागांत धरत नाही, तरी जाताना थांबा. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन मिळतात, जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी भेळ खायला सगळं कऱ्हाड लोटतं. यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे इथून पुढं सांगली जिल्ह्यात. त्याला लागून सागरेश्वरचं अभयारण्य आहे, माणसांनी उघड्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं. चितळ, सांबर दिसतात. पायी हिंडायची तयारी असेल तर अर्धा दिवस सहज जातो.

माझं स्वतःचं आवडतं ठिकाण विचाराल तर भिलवडी आणि औदुंबर. पुणे-मिरज मार्गावर भिलवडी स्टेशन आहे. याच स्टेशनामुळे दूध लांबच्या शहरात धाडता येतं हे हेरून लिंबच्या भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये इथं दुधाचा धंदा मांडला. गावाला रुंद दगडी घाट आहे, जुनं वाचनालय आहे. पलीकडच्या काठी औदुंबर, नृसिंह सरस्वतींनी चातुर्मास केलेलं दत्तस्थान. अलीकडे भुवनेश्वरीचं देऊळ, पलीकडे दत्ताचं, मधे खोल, हिरवट पाणी. गुरुवारी आणि पौर्णिमेला इथं पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी दुपारी या. आरती झाली, पुजारी घरी गेला की घाटावर वाऱ्याने हलणाऱ्या पानांखेरीज काही नसतं. कवी सुधांशू याच गावचे. दर संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन नदीकाठी भरतं, आणि लोक शेतातली कामं बाजूला ठेवून कविता ऐकायला येतात. जेवायला कृष्णाकाठच्या मळीतली वांगी मिळाली तर दुसरी भाजी मागू नका.

सांगलीत उतरणाऱ्यांनी हरिपूर चुकवू नये. कृष्णा आणि वारणा इथं एकत्र येतात, संगमेश्वराचं देऊळ आहे. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथलेच. नाटक रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये. आणि हळदीची पेवं: जमिनीत खोल खणलेली कोठारं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. इथली माती आणि जमिनीतला कोरडेपणा याला कारण. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. आता मागणी गोदामांना आहे. एखादा जुना माणूस भेटला तर पेव कसं भरायचे ते विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर तो फारसा नाहीच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत. मुक्कामाला देवस्थानाचं भक्तनिवास किंवा तालुक्याच्या गावचं लॉज. खोल्या साध्या असतात. चादर घरून आणलेली बरी. रात्री नऊनंतर जेवण मिळेलच असं नाही. स्वच्छतागृहाची अडचण आहे, विशेषतः बायकांची, आणि ग्रामपंचायतींनी यात आता लाजायला हवं. पण ज्यांना बुफे आणि पोहण्याचा तलाव लागतो त्यांनी इकडं येऊच नये. त्यातच या गावांचं भलं आहे. एका फेरीत पाच गावं उरकणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. गाव एकच निवडा आणि निदान एक रात्र राहा. शेवटची एसटी गेल्यावर खरं गाव सुरू होतं.

दोन गोष्टी मात्र कडक शब्दांत. भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसं धरलेली आहेत. गावकरी जिथं उतरतात तिथंच पाय बुडवा, तेही विचारून. आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी सुट्टी काढू नका. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली. इथल्या घरांच्या भिंतींवर त्या पुराच्या खुणा अजून आहेत. दिवाळी झाली की पाणी निवळतं आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या मोकळ्या होतात. तेव्हापासून होळीपर्यंत कधीही या, फक्त शनिवार-रविवार सोडून.